बिनविरोध उत्तर

“टेकवडे सर, एका समीकरणाला अगणित उत्तरं कशी चालतील? आपल्या गावात सरपंचसुद्धा बिनविरोध होतो,” पालकसभेत सरपंचबाई म्हणाल्या.

फळ्यावर चाचणीतलं गणित होतं: २(क्ष + ३) = २क्ष + ६. क्षच्या जागी कोणतीही संख्या घाला, दोन्ही बाजू सारख्याच येतात, हे सांगून माझा घसा बसला. पण प्रत्येक पोरानं वेगळी संख्या लिहिली होती आणि प्रत्येकाचा बाप आपल्याच संख्येसाठी अडून बसला होता.

मग वर्गातच चहा आला, नाराजांची समजूत काढली गेली. पाचानं माघार घेतली, बाराला पुढच्या चाचणीचा शब्द मिळाला आणि सरपंचबाईंच्या नातवाचे सात बिनविरोध निवडून आले. गुलाल माझ्याही कपाळाला लागला.

चिडून मी फळ्यावर नवं समीकरण लिहिलं: क्ष + १ = क्ष + २. “याला एकही उत्तर नाही. आता कुणाला निवडता?”

“उमेदवारच नसला की प्रशासक नेमतात,” सरपंचबाई म्हणाल्या आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वार्षिक परीक्षेत मी तेच गणित घातलं. साऱ्या वर्गानं एकच उत्तर लिहिलं: क्ष = टेकवडे सर.

मी पूर्ण गुण दिले. नेमणूक रीतसर होती.