अकरा गाई

"भाकड आहे ही, हिला मूल व्हायचं नाही," असं चारचौघांत म्हणत सासूबाईंनी आठ वर्षांपूर्वी तिला घराबाहेर काढलं होतं. नवऱ्यानेच तेव्हा तिची पेटी उंबऱ्याबाहेर आणून ठेवली होती.

आज जनावरांची डॉक्टर म्हणून ती त्याच घरच्या गोठ्यात उभी होती. अकरा गाई वेळच्या वेळी माजावर येत होत्या, वळूही दाखवला जात होता, पण वर्षभरात एकही गाभण राहिली नव्हती.

"सगळ्याच गाई विकून टाकतो," तिची नजर चुकवत तिचा पूर्वीचा नवरा म्हणाला.

तपासणीचा कागद गुपचूप त्याच्या हातात देता आला असता. पण तिने मुद्दाम गड्यांना हाका मारल्या, सासूबाईंनाही घरातून बोलावून घेतलं आणि निकाल खणखणीत आवाजात वाचला. "अकराही गाई धडधाकट आहेत. दोष वळूत आहे."

एक गडी फिसकन हसला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बरं, वळू बदलतो," तो कसाबसा पुटपुटला.



"मीही तेच केलं," बॅगेची चेन लावत ती म्हणाली. "जुळं झालं."