धुऱ्याकडची तूर

कुऱ्हाडीचा दांडा भुजंगच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज कडेला उभ्या असलेल्यांनाही ऐकू आला. भुजंग दोन वावरांमधल्या धुऱ्यावर गुडघे टेकून कोसळला.

"बोल! कोणतं तणनाशक मारलंस माझ्या तुरीवर?" अमृतराव ओरडले.

"काहीच न्हाई मारलं, दादा."

दांडा पुन्हा उतरला, या वेळी बरगडीवर. भुजंगच्या तोंडातून रक्त आलं.

धुऱ्याला लागून अमृतरावांच्या तुरीची एक पट्टी उभ्या उभ्या वाळली होती. ऐन शेंगा भरायच्या दिवसांत. पट्टीपलीकडची त्यांची तूर मात्र हिरवीगार होती. उन्हाळ्यात या दोघा भावांचं जोरात भांडण झालं होतं. नांगरताना दादानं धुरा सरकवला आणि माझी जमीन दाबली, असं भुजंग गावभर सांगत होता. अमृतरावांनी मारुतीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, की धुरा वीतभरही हललेला नाही. गावानं शपथ मानली. त्या रागातूनच भुजंगनं फवारा मारला, याबद्दल अमृतरावांना आता तिळमात्र शंका नव्हती.

"सोडा, अमृतराव. मरून जाईल तो," शेजारच्या वावरातले व्यंकटराव म्हणाले. पण पुढे कोणी आलं नाही.

अमृतरावांनी कुऱ्हाड हातात फिरवली. आता पातं पुढे होतं.

"बाबा!"

त्यांची मुलगी शिल्पा पिकातून धावत आली. ती लातूरला शेतकी कॉलेजात शिकत होती, सुटीला घरी आली होती. तिनं वाळलेलं एक झाड हिसका देऊन मुळासकट उपटलं आणि बाप नि काका यांच्या मधे उभी राहिली.

"तणनाशकानं आधी तण मरतं, बाबा. खाली बघा. गवत हिरवं हाय."

"बाजूला हो."

ती झाली नाही. उगारलेल्या पात्यावर तिनं झाडाचा बुंधा दोन्ही हातांनी आपटला. खोड उभं चिरलं. आत, मुळापासून वरपर्यंत, काळी रेघ होती.

"ही मर हाय. बुरशी. मुळातून आत शिरती आन् झाडाचं पाणीच बंद करती. काकांनी काही केलं न्हाई."

अमृतरावांचा हात खाली आला.

"मंग बाकीच्या तुरीला का न्हाई लागली?"

"बुरशी मातीत राहती, बाबा. जुन्या धसकटात पडून राहती. ज्या मातीत आधी मर आली, त्याच मातीत ती परत..."

शिल्पा बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा उतरला.

"माझी तूर गेली व्हती की मागच्या साली," भुजंग जमिनीवरूनच म्हणाला. "म्हणून तर औंदा जवारी पेरली. दादाच्या रानात मर कधीच नव्हती."

सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. वाळलेली तूर संपून हिरवी जिथं सुरू होत होती, ती कड वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरल्यासारखी सरळ गेली होती.

"घ्या!" व्यंकटराव म्हणाले. "आता मोजणीवाल्याला कशाला बोलवायचं? जितकी वाळली, तितकी भुजंगची."

मागे कोणीतरी फसकन हसलं.

अमृतरावांनी शिल्पाच्या थोबाडीत मारली. ती भुजंगच्या अंगावर पडली. मग ते हिरव्या तुरीत शिरले आणि शेंगांनी वाकलेली झाडं सपासप तोडत सुटले. हिरवं कुठून सुरू होतं, ते पुन्हा कोणाला दिसू नये म्हणून.