आप्पांच्या गाडीचा मेंदू

आप्पांच्या तेराव्यानंतर शर्वाणीच्या भावाने वडिलांची गाडी परस्पर भंगारात दिली. शर्वाणी धावत भंगारवाल्या रज्जाकभाईंकडे पोहोचली, तेव्हा दारं एका ढिगात होती, इंजिन दुसऱ्या.

"रज्जाकभाई, लोखंड तुम्हालाच राहू द्या. गाडी चालवणारा मेंदू तेवढा द्या. तो आप्पांच्याच आवाजात बोलतो."

"ताई, मेंदू पहिल्याच दिवशी खपतो! वीस वर्षांत एक ठोकर नाही, शाळेच्या बसवाल्याने लगेच उचलला. घरच्यांच्या आठवणी नियमाप्रमाणे पुसल्या. याच रस्त्याने धावते त्याची बस."

सुन्न होऊन ती रस्त्यात उतरली. बिनड्रायव्हरची बस करकचून थांबली.

"अहो, बघून चाला!" आप्पांचाच आवाज.

"आप्पा, मी शर्वाणी!"

"बाई, बाजूला व्हा. मुलांना उशीर होतोय."