एक डोकं कमी

ओव्हन बंद करून ब्रीज मागे वळली, तर डॅरन स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ थांबवत होता. खिडकी त्याने आधीच सताड उघडून ठेवली होती. मार्चचा बोचरा वारा थेट पिठाच्या परातीवर येत होता.

"हे काय रे?"

"आजी गेली तेव्हा असंच केलं होतं. घड्याळ बंद, खिडकी उघडी. आत्म्याला वाट नको का बाहेर पडायला?"

"आणि मढं कुठाय?"

"आपणच की," डॅरन म्हणाला, आणि स्वयंपाकघरातली सगळी पोरं खो-खो हसली. ब्रीजही हसली. हसली नसती तर रडू फुटलं असतं.

शाळा अर्ध्यात सोडलेल्या पोरापोरींच्या हाताला काम शिकवणारं गावातलं ब्रीजचं हे केंद्र आज बंद होत होतं. पैसे डब्लिनहून येत, तेही डोकी मोजून. पोरगं शिकून नोकरीला लागलं की एक डोकं कमी. म्हणजे काम जितकं चोख, तितकं मरण जवळ. हा हिशेब कुठल्या शहाण्याने मांडला, देव जाणे. वीसच्या खाली गेलात तर टाळं, असं हिवाळ्यात बजावून झालं होतं. वीस कशीबशी टिकवली, तर गेल्या महिन्यात तिथल्या साहेबांनी आकडाच पंचवीसवर नेला.

दुपारच्या उतरणीला गाव येऊ लागलं. ब्रीज दारापाशी उभी राहिली. आतून चहा आणि अंड्याची सँडविचेस येत होती. इकडे मयताला येतात तशीच माणसं आली, रांगेने, अंगातला कोट न काढता. हातात हात घेऊन तेच एक वाक्य, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत, ब्रीज." तिनेही ठरलेलं उत्तर दिलं, "आलात, बरं झालं." कुणी थट्टेने म्हणत होतं, कुणी मनापासून.

रांगेत हॉटेलचा मुख्य आचारी टियर्नन होता. वाक्य म्हणून झालं तरी त्याने तिचा हात सोडला नाही.

"तुझ्या त्या कीवाने मला चांगलंच लटकवलं बघ. जानेवारीपासून जागा धरून ठेवली होती तिच्यासाठी. नाहीच म्हणाली."

"कसली जागा?"

"तुला बोलली नाही? माझ्या हाताखाली उमेदवारीची. पगार, वर कॉलेजात शिकायची सोय. सोमवारी दुसरी मुलगी घेतली मी. किती दिवस थांबणार?"

दोन वर्षं ती कीवाला नेमकी असल्याच जागेसाठी तयार करत होती. आली तेव्हा पोरगी मान वर करून बोलत नव्हती, आणि आज सतराव्या वर्षी तिच्या हातचा पाव गावात नावाजला जात होता.

रांग तशीच सोडून ब्रीज आत गेली. कीवा टेबलापाशी पाव कापत होती.

"टियर्ननला नाही का म्हणालीस?"

कीवाने वर पाहिलं नाही. "तूच म्हणाली होतीस."

"मी?"

"नाताळ झाल्यावर. सकाळच्या चहाला. आता कुणी नोकरी धरलीत तर तंगडं मोडीन, म्हणालीस."

"अगं, थट्टा होती ती!"

"माहीत आहे की." सुरी थांबली. "पण मी गेले असते तर एकोणीस झालो असतो. ती कुठे थट्टा होती?"

जिवावर बेतलेली गोष्टही थट्टेतच बोलायची, ही इकडची खोडच. त्यातलं खरं तेवढं पोरं अचूक वेचून घेतात, हे तीन मुलं वाढवलेल्या बाईला कळायला हवं होतं. तिला स्वतःची चीड आली.

"वेडे, मला सांगायचंस तरी."

"तू जा म्हणाली असतीस." कीवा कापलेले तुकडे उगाच सरळ करत राहिली. "मी ऑक्टोबरात शाळा सोडली ना, तर इस्टरपर्यंत तिथं कुणाला पत्ताच नव्हता मी येत नाही याचा. आणि इथून मी एकटी गेले तर अख्खं केंद्र बंद. मग कशी जाऊ, ब्रीज?"

दाराशी माणसं खोळंबली होती. ब्रीजने तिच्या हातातली सुरी काढून घेतली, पिठाने भरलेला तो हात धरून तिला दारापाशी नेलं आणि आपल्या जागी उभं केलं.

पुढे म्हाताऱ्या मिसेस डोलन होत्या. त्यांनी ब्रीजकडे पाहिलं, मग पोरीकडे. विचारलं काही नाही. इकडे तसं विचारत नाहीत. घरच्यांच्या जागी जो उभा असेल, दुःख त्याचं. कीवाचा हात दोन्ही हातांत घेऊन त्या म्हणाल्या, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत, पोरी."

कीवा कानापर्यंत लाल झाली. मागून पोस्टमन आला, मग बेकरीवाला. तिसऱ्या हाताला तिला उत्तर जमलं.

आतलं बोलणं ऐकून टियर्नन बाहेर मान खाली घालून उभा होता. ब्रीज त्याला वळसा घालून रांगेच्या शेवटी गेली. पाळी आली तेव्हा तिने हात पुढे केला. पण सगळ्या गावाच्या तोंडून ऐकलेलं ते साधं वाक्य तिच्या तोंडून काही केल्या निघेना.

कीवाने थोडी वाट पाहिली. मग तिचा हात घट्ट दाबून म्हणाली, "आलीस, बरं झालं."