काही हवंय का?

"आई, एकच रात्र! तोही माझ्यासारखा स्नोबोर्डर आहे," म्हणत गिरिजाताईंच्या मुलानं, कुशनं, एका अनोळखी पोराला अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या त्यांच्या घरी मुक्कामाला पाठवलं. स्वतः मात्र बर्फावरच्या त्या खेळासाठी तिकडे युटा राज्यात अशाच एका अनोळखी घरी उतरलेला.

पोराच्या मानेवर साप गोंदलेला आणि खांद्यावर अख्खा माणूस मावेल एवढी बॅग! गिरिजाताईंनी दागिन्यांच्या कपाटाला कुलूप घातलं, तरी जिवाला चैन पडेना. मग कधी चहा, कधी पोहे, कधी नुसतंच पाणी घेऊन त्या सारख्या त्याचं दार वाजवायच्या आणि हळूच आत नजर टाकायच्या.

तेवढ्यात कुशचा फोन आला.


"आई, या घरातली मॉम सेम तुझ्यासारखी आहे गं! सारखी डोअर नॉक करते आणि काहीतरी खायला आणते. सो स्वीट!"