सोडलेली जागा

“जॉर्ज मेरिक. एडविन पॅरी. थॉमस प्राइस.”

सफरचंदं सोलता सोलता आयरिस थांबली. हातातली सुरीही थांबली. मग ती म्हणाली, “वॉल्टर प्रॉसर.”

येत्या रविवारी चौकातल्या स्मृतिस्तंभापाशी, पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं वाचायची होती. कित्येक वर्षं ती आयरिसच वाचत आली होती. सगळी पाठ होती, तरी उजळणी चुकत नसे.

“आई, तू दर वर्षी इथेच अडखळतेस,” मेरियल म्हणाली. “वॉल्टर तुझा काका म्हणून? तू तर त्याला पाहिलंही नाहीस.”

“अडखळत नाही गं. जागा सोडते.”

“कुणाला?”

“आधी भांड्याखालची आच कमी कर. एवढी पुस्तकं वाचतेस, पण मुरंबा करपल्याचा वास काही येत नाही तुला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आयरिस उठली नाही. मुरंबा बरण्यांत भरायचा राहिला होता.

दफन अजून व्हायचं होतं. ग्रामपंचायतीचे अध्यक्ष ह्यू पोकॉक टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“रविवारी तू वाचशील का? परका आवाज लोकांना जड जाईल. तुझा अगदी तिच्यासारखा आहे.”

“वाचेन, ह्यूकाका.”

ते जरा घुटमळले. “दगडावर आहेत तेवढीच नावं हं. वसंतात तिने बैठकीत आडाचा विषय काढला होता.”

मेरियलने फडताळावरच्या फोटोकडे पाहिलं. आडा प्रॉसर, वॉल्टरची थोरली बहीण. युद्धकाळात कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरून भरून तिचे हात पिवळे पडले होते, असं आजोबा सांगायचे. त्याच कारखान्यातल्या स्फोटात ती गेली. फोटोत वॉल्टर तिला बिलगून उभा होता.

“ती काही सैनिक नव्हती,” ह्यू म्हणाले. “शिवाय स्तंभ आता संरक्षित वारसा झालाय. त्याला साधा ब्रश लावायचा तरी परवानगी काढावी लागते. नवं नाव कुठून कोरणार?”

“आई काय म्हणाली?”

“भांडली असती तर बरं झालं असतं. ‘ठीक आहे’ म्हणाली, आणि उठून सगळ्यांसाठी चहा ठेवला.”

रविवारी धुकं होतं. सगळं गाव कोटावर युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची कागदी लाल फुलं लावून उभं होतं. मेरियलने आईचा कोट घातला होता. तो खांद्यात घट्ट होत होता.

“जॉर्ज मेरिक. एडविन पॅरी. थॉमस प्राइस.”

ती थांबली. कुणी मान वर केली नाही. कुणी खोकलंही नाही. गावाला या ठिकाणी थांबायची सवय होती. ह्यूंचे डोळे मिटलेले होते. दगडावर प्राइस आणि वॉल्टर प्रॉसर यांच्यामध्ये बोट शिरेल एवढीही फट नव्हती.

“आडा प्रॉसर,” मेरियल मोठ्याने म्हणाली.