कोदंडरामनची झाडं

सहाव्या दुकानातही मासेच होते. वेदवल्लीने स्टीलचा डबा उघडून पुढे केला आणि पुन्हा तेच विचारलं, पाण्याखाली वाढणारं हे झाड इथे मिळेल का? डब्यात चिखलासारखी झालेली दोन-तीन पानं आणि मुळांचा पुंजका होता. झाडाचं नाव तिला सांगता येईना. नाव माहीत असलेला तिचा नवरा, कोदंडरामन, जाऊन बावीस दिवस झाले होते.

कोळत्तूरच्या त्या रस्त्यावर शोभेच्या माशांच्या दुकानांना तोटा नाही, पण जिवंत झाडं ठेवणारा दुकानदार शोधावा लागतो. एकाने रविवारी या म्हटलं. एकाने माशांचं खाणंच गळ्यात मारायला पाहिलं. आणखी एकाने गुलाबी प्लास्टिकचं झाड काढलं आणि वर म्हणाला, "हे न्या अम्मा, हे कधी मरत नाही." वेदवल्ली पायरी उतरली.

दोष तरी कोणाला द्यायचा? तेराव्याला घर धुतलं, तेव्हा मोठ्या नणंदेने, अलमेलूने, सुतकातलं पाणी म्हणून घागरी, पिंप, बादल्या सगळं रिकामं करायला लावलं. त्या सपाट्यात कोदंडरामनच्या झाडांच्या काचेच्या टाकीतलं पाणीही गेलं. झाडं उपटून नळाखाली लख्ख धुतली ती मात्र वेदवल्लीनेच, आणि जमतील तशी पुन्हा वाळूत खोचली. आठवड्याभरात पानं कुजली, टाकी बोडकी झाली. नवऱ्याच्या हातची तेवढीच जिवंत वस्तू घरात उरली होती आणि ती आपण मारली, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.

सातवं दुकान बोळात होतं, त्याला धड पाटीही नव्हती. आत मासे जवळजवळ नाहीतच, टाक्याच्या टाक्या हिरव्यागार. जेबराज नावाचा दुकानदार कोपरापर्यंत ओल्या हातांनी पुढे आला. त्याने डब्यातलं मूळ उचललं, चिमटीत दाबून पाहिलं आणि विचारलं, पाणी सगळंच्या सगळं बदललं होतं का? तिने झालं ते सांगितलं. सांगता सांगता मधेच तिने विषय बदलून भाव विचारला. अशी दहा झाडं तरी हवी होती तिला.

"मी विकणार नाही, अम्मा," जेबराज म्हणाला. "हे मेलेलं नाही."

ही जातच मानी, त्याने समजावलं. जागा हलली, पाणी बदललं की सगळी पानं टाकून बसते. पण मूळ पांढरं आणि घट्ट आहे तोवर काळजी नको. कुजलेली पानं तेवढी कात्रीने काढा, हे मूळ परत वाळूत लावा, आणि मग मुळांना हात लावू नका. महिन्याभरात कोंब दिसतील. त्याने मूळ ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवलं. वेदवल्लीला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण तो पडला मुलाच्या वयाचा, म्हणून तिने त्याच्या ओल्या हातावर नुसता हात ठेवला.

"पण तंबी, बाळा, महिनाभर मी करू काय?"

"साहेब काय करायचे?"

"काहीच नाही. संध्याकाळी खुर्ची ओढून समोर बसायचे. मी ओरडायची, नुसतं पाण्याकडे काय बघत बसता म्हणून."

"मग तेवढंच करा," जेबराज म्हणाला आणि आपल्या टाकीकडे वळला.

त्या संध्याकाळी अलमेलूने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली, डोसे निवताहेत म्हणून. बोडक्या टाकीसमोर बसलेली वेदवल्ली जागची हलली नाही.

"तुम्ही खाऊन घ्या, अक्का," ती म्हणाली. "मी कामात आहे."